सातवा रकाना

निपाणीच्या सरकारी दवाखान्यात
रात्रपाळीचं रजिस्टर माझ्याकडं असतं.
सातव्या रकान्यावर मोठ्या कन्नड अक्षरांत हेरिगे,
खाली बारीक इंग्रजीत डिलिव्हरी.
आणि मराठी?
ती बाहेर बाकड्यावर बसून असते,
चपला हातात घेऊन.

काल तिथं मगदूम सर होते.
तवनाप्पा मगदूम, जन्मभर इंग्रजी शिकवलेले.
आत त्यांची नात त्रिशला, पहिलटकरीण.
कळा थांबून थांबून येत होत्या,
सरही तसेच बोलत होते, थांबून थांबून.

"हा शब्द मूळचा लॅटिन, बाळ.
लिबेर. म्हणजे मोकळा.
फ्रेंचांच्या घरी वाढला,
मग इंग्रजांकडं नांदायला आला.
तेव्हा पोराला कुणी डिलिव्हर करत नव्हतं.
व्हायची ती बाई.
पोरापासून सुटायची.
आपल्याकडं निरोप येतो की नाही,
सुटली बाई म्हणून?
तेच."

चष्मा पुसला.
"पुढं वाक्य उलटं फिरलं.
आता डॉक्टर पोर डिलिव्हर करतो.
बाई राहिली वाक्याच्या बाहेर."

तेवढ्यात गेटवरून लाल टी-शर्टातला पोरगा ओरडला,
डिलिव्हरी!
आतनं सिस्टर, कुणाची?
डॉक्टरबाईंची, मॅडम. बिर्याणी. दोनशे चाळीस.
सगळं बाकडं हसलं.
सर आतल्या दाराकडं बघत राहिले.

साडेतीनच्या सुमाराला निंगव्वा आली,
हुक्केरीकडची आया, कोपरापर्यंत ओली.
"हडदाळ्री," म्हणाली, आणि परत आत गेली.

सर उठले, बसले.
"हडे," पुटपुटले,
"जुन्या कन्नडात पडे. म्हणजे मिळवणं.
बघ, सात समुद्रापलीकडचीचं आणि आपलं जुळलं,
भिंतीला भिंत लागून असलेलीचंच
न्यारं निघालं."
मग एकदम,
"बरी आहे का ती? विचार की!"

मी आत गेले.
दाराजवळच्या खाटेवर शेवंता,
परवा मोकळी झालेली.
घरनं सूप मागवून घेतलेलं,
मांडीवर पोर, पोराच्या पलीकडं सूप,
विडीची पानं कातरत होती
दिव्याच्या उजेडात.
सिस्टर ओरडतील म्हटलं तर म्हणाली,
तंबाखू न्हाई वो, नुसती पानं हाईत.

टेबलाशी येऊन रजिस्टर भरलं.
तीन वाजून बावीस मिनिटं. मुलगी.
दोन किलो सातशे.
सातव्या रकान्यात नॉर्मल लिहितात,
मीही तेच लिहिलं.
शेऱ्याच्या जागी, जिथं कुणी कधी काही लिहीत नाही,
पेन्सिलीनं सुटली असं लिहिलं,
खोडलं,
मिळालं असं लिहिलं,
तेही बरं दिसेना.

पलीकडं निंगव्वा त्रिशलाची चादर बदलत होती.
"बिडव्वा, बिडु," म्हणत होती, सोड बाई, सोड.
त्रिशलाला झोप लागली होती.
चादरीचं टोक मुठीत
घट्ट.