उतारा

तीस वर्षं मी ते पाककृतींचं पुस्तक समजत होतो.

काओशुंगच्या धक्क्यावर, बोट दुरुस्तीला लागली होती तेव्हा,
एका म्हातारीच्या हातगाडीवरून घेतलेलं.
लाल-पिवळं, शाळेच्या प्रगतिपुस्तकाएवढं,
कोपऱ्याला भोक, त्यात सुतळीचा फास.
अक्षर एक कळेना. पण मलपृष्ठावर चित्रं होती:
दोन-दोन पदार्थ शेजारी, बोहल्यावर बसवल्यासारखे,
आणि पहिल्याच ओळीत कुर्ली,
तिला खेटून टोमॅटो.

मी बोटीवरचा कुक. कुकला चित्र पुरतं.
त्याच रात्री कुर्ल्या टोमॅटोत शिजवल्या,
वर डिचोलीहून नेलेली तिरफळं ठेचून.
फिलिपिनो इंजिनियरने तीनदा वाढून घेतलं.
पुढे गावातही, कुणाचा जावई आला की निरोप यायचा,
घनशाम, तुझ्या त्या तैवानी कुर्ल्या कर रे.

शू-हुई आली ती जमीन बघायला.
बाजारामागच्या आमच्या घरात
स्वयंपाकघराची जमीन फुटक्या बश्यांची आहे.
वादळात फुटलेलं सगळे समुद्रात टाकत, मी पोत्यात भरत असे.
सहा सफरींची पोती.
निळी किनार, मासोळीचं शेपूट, कंपनीच्या नावातलं अर्धं अक्षर.
शेवंती तेव्हा म्हणाली होती, संसार काय फुटक्यावर मांडायचा?
आता दुपारी तिथंच पाय पसरून बसते, गार लागतं म्हणते.

शू-हुई गुडघ्यांवर बसून बोटाने सांधे चाचपत राहिली.
आमच्या ताइनानला, म्हणाली, देवळांच्या आढ्यावर ड्रॅगन असतात,
त्यांचे खवले असेच, वाडगे फोडून केलेले.
माझे आजोबा ते काम करायचे.
चिमट्याने हवा तेवढाच तुकडा काढायचे, नखाएवढा.
आजी ओरडायची,
घरात एक तरी वाडगा अख्खा राहू द्याल का?

आम्ही बोलत होतो इंग्रजीत. तीही दोघांची फुटकीच.
मी सांगितलं, घरात कोंकणी बोलतो,
वाचायला बसलो की मराठी.
ती म्हणाली, आईच्या वेळी शाळेत घरची भाषा बोललं
तर गळ्यात पाटी अडकवत.
मी सगळी पुस्तकं त्या दुसऱ्या भाषेत वाचली.
आणि मला ती आवडली. हाच घोटाळा.
मी गप्प. वाचनालयाचं अर्धं कपाट मी संपवलंय.
मलाही आवडलंय.

मग मी ते पुस्तक काढलं.
मलपृष्ठ बघून ती तोंडावर हात ठेवून इतकी हसली
की शेवंती मागच्या दारातून ओल्या हातांनी आत आली.
पंचांग होतं ते.
टोमॅटो म्हणजे टोमॅटो नव्हताच, त्यांच्याकडचं थंडीतलं एक फळ.
आणि जोड्या होत्या त्या तोडायच्या जोड्या:
हे ह्याच्याबरोबर खाल तर पस्तावाल.
कुर्ली नि ते फळ. मध नि कांदा.
काकडी नि शेंगदाणे.
"म्हणजे आमची खमंग काकडी?" शेवंती म्हणाली.
"मग माझं सगळं माहेर मेलं म्हणायचं. सबंध बेळगाव."

प्रत्येक जोडीपुढे तिसरं, बारीक चित्र.
मी समजायचो, वरून पेरायचं काहीतरी, कोथिंबिरीसारखं.
तो उतारा होता. कुर्लीपुढे मूग.

उतारा. खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा.
विषावरही तोच शब्द आमच्यात,
हे तिला सांगायला इंग्रजी पुरेना.

आतल्या एका तारखेभोवती पेन्सिलीचा गोल होता.
त्या म्हातारीचा, किंवा तिच्याही आधीच्या कुणाचा.
शू-हुईने वाचलं: आज खाट मांडावी. माती खणू नये.
कुणी मांडली का खाट, कुणासाठी,
की खणलीच माती,
पान काही सांगत नाही.

त्या दिवशी बाजारात भरलेल्या कुर्ल्या आल्या होत्या.
ती म्हणाली, करा ना. टोमॅटो चालतो.
मी विळी घेतली.
शेवंतीने काही न बोलता
मूठभर मूग भिजत घातले.