अंगावर काढणं

डोरीन हेपल, वय अठ्ठावन्न, संडरलंड.
शाळेच्या खानावळीत तीस वर्षं वाढपी.
तपासणीची चार पत्रं आली होती तिला,
चारही बिस्किटांच्या डब्यात, बिलांखाली.
"उगाच कुणाला त्रास कशाला," म्हणते
आणि पर्सची चेन उघडते, लावते.

आठ महिने अंगावरून जात होतं.
अंगावर काढलं तिनं.
याला इंग्रजीत नेमका शब्द नाही;
मी फाइलमध्ये लिहिते: उशिरा आली.

पिशवीचं तोंड म्हणतो आपण.
तोंड, पण ब्र न काढणारं.
पाच मिनिटं, एक मऊ ब्रश, एवढंच काम होतं.
दहा-दहा वर्षं सवड देतो हा आजार,
जवळजवळ सभ्यपणे.

आता पाच आठवडे बाहेरून किरणं, मग आतून.
कागदावर चित्र काढून दाखवलं.
"उलटं नासपतीच की," ती म्हणाली.
मग, चित्राकडेच बघत: "बरी होईन?"
शक्यता चांगली आहे, म्हटलं.
चांगली आहेही.

बाहेर तिची लेक, एकतिशीची,
ओला कोट मांडीवर घेऊन.
"तुझं पत्र?" मी विचारलं.
ती फरशीकडे बघत हसली.
ते हसू माझ्या ओळखीचं.
माझंही पत्र फेब्रुवारीपासून
गाडीच्या कप्प्यात आहे, चष्म्याच्या घराखाली.

सकाळी आठला, पार्किंगमध्येच, फोन लावला.
काचेवर समुद्राचं मीठ.
यंत्र म्हणालं, रांगेत तुमचा नंबर नववा.
वायपर एकदा फिरवला.
आठवा.