अळूचा वाफा

कोयनानगरच्या त्या क्वार्टरमागे
अळूचा वाफा सरळ नाही.
मोरीपासून निघतो, चार पावलांवर वळतो,
पेरूला अडखळल्यासारखा पुन्हा वळतो.
तिथं आता राहणाऱ्या सुनंदा विभूते म्हणाल्या,
"कितीदा सरळ केला हो, ऐकतच नाही."

ऐकणार कसा.
पासष्टच्या सप्टेंबरात वडिलांनी आणि रज्जाक फिटरनं
पहारीनं खणलाय तो, पॉवरहाउसची पाळी करून आल्यावर,
कंदिलाला काळा कागद गुंडाळून.
पत्रकात आकृती होती:
छातीइतका खोल, मध्ये दोन वळणं,
म्हणजे एका टोकाला बॉम्ब पडला
तर दुसऱ्या टोकाची माणसं उरतील.
आईनं एवढंच विचारलं,
कोणत्या टोकाला कोण?

त्यावर कुणी बोललं नाही.

भोंगा झाला की उतरायचो,
कानात कापूस, दातांत खोडरबर,
कोपरांवर पालथे.
बाबू बेडकांशी बोलायचा.
आई रोज जागा बदलायची,
आज मोरीकडं मी, उद्या तो.

विमान आलं नाही.
तह झाला. खंदकात राख पडू लागली,
चहाचा चोथा, कपांचे तुटके कान.
वडील म्हणायचे, बुजवू एकदा.

मग सदुसष्टचा डिसेंबर. पहाट.
वरून नाही, खालून आलं.
भोंगा नाही, काही नाही.
मांडणी आधी आडवी झाली, मग भिंत.
जिच्या पोटात लपायला शिकलो
त्या मातीच्याच अंगात आलं होतं.
"उघड्यावर! उघड्यावर!" वडील ओरडत होते,
आणि बाबू कुठंच नव्हता.

मोरीची भिंत अख्खी खंदकात गेली होती,
पहिल्या वळणापर्यंत दगड.
पेरूकडच्या टोकाला बाबू,
कोपरांवर पालथा,
दातांत रबर नव्हतं म्हणून
स्वतःची मूठ.

आकृती बरोबर होती, वडील नंतर एकदाच म्हणाले,
कुणाला ते कळलं नाही.

क्वार्टर नवं बांधलं. खंदक तेवढा कुणी मुद्दाम बुजवला नाही,
आपोआप भरत गेला, आणि सांडपाणी जुनी वाट विसरलं नाही.

सुनंदाताईंनी निघताना पानं खुडली,
वर्तमानपत्रात गुंडाळली.
"मोरीकडची देत नाही हं, ती खाजतात.
पेरूकडची आहेत."

बाबू आता कराडला असतो.
वड्या केल्या. त्यानं चार खाल्ल्या.
कुठली पानं, विचारलं नाही.
मीही