पावलाचा नकाशा

केटाहून आलेल्या पाकिटात एक वीजबिल होतं.
पाठीमागे निळ्या पेनाने ओढलेली
एलिकेमच्या पावलाची कड.
करंगळीपाशी रेघ भरकटलेली,
खाली बहिणीचं अक्षर: गुदगुल्या झाल्या, हलला.

मी तो कागद हेल्मेटच्या अस्तरात ठेवला.

दक्षिण लेबनॉनमधल्या या ठाण्यावर
पाळी चार तासांची.
जैतुनाची झाडं, कुंपण, आणि पलीकडून
दुर्बिणीतून आम्हाला न्याहाळणारा कुणी.
नोंदवहीत लिहायचं:
५.४०, एक ट्रॅक्टर, दोन माणसं.
६.१०, शेळ्या.
६.२५, काही नाही.
पहिले तीन आठवडे 'काही नाही' लिहिताना
वर्दी छातीपाशी ओली झालेली असायची.
त्याला वहीत रकाना नव्हता.
बदलीचा हुकूम मी वाचला होता, सहीही केली होती;
पान्ह्याला कोण वाचून दाखवणार?

तो चालायला लागला तेव्हा
मी जेवणाच्या रांगेत होते, एका हातात ताट.
दुसऱ्या हातातल्या फोनवर तो निघाला
आणि नेटवर्क गेलं.
एक पाय उचललेला, तसाच राहिला.
भात गार होईपर्यंत मी त्या पायाकडे बघत होते.

अकोफा म्हणाली, तो मलाच आई म्हणतो गं,
मी दर वेळी सुधारते.
नको सुधारूस, मी म्हटलं,
आणि म्हटल्यावर फोन ठेवायची घाई केली.

सामानाच्या तपासणीत कॅप्टन ताहिरूंनी
अस्तरात बोटं घातली.
हे काय, कॉर्पोरल?
नकाशा, सर.
त्यांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला,
मग जुन्याच घड्यांवर घडी घातली.
तारीख टाकत जा, म्हणाले,
असले नकाशे फार लवकर जुने होतात.
आणि पुढच्या खाटेकडे वळले.

शनिवारी सूर शहरात बुटांच्या दुकानात
म्हाताऱ्याने बोटांनी विचारलं, केवढा?
मी एक बोट वर केलं.
मग हिशोब आठवला,
दुसरं अर्धं उघडलं.
त्याने तीन जोड मांडले, तांबडे, वेलक्रोचे.
मी कागद एकेका बुटात घालून पाहिला.
पहिल्यात नेमका बसला.
मी तिसरा घेतला.
म्हाताऱ्याने मान हलवली, मोठा होईल.

होऊ दे.
सैल बुटात कापूस कोंबता येतो.