आत कोण आहे ते बघ

रात्री पावणेदहाला हेस्कॉमची लाईट गेली
आणि अपडेट एकसष्ट टक्क्यांवर राहिलं,
तोंडात घास असताना कुणी हाक मारावी तसं.
यूपीएस दिवाळीपासून मी स्टूल म्हणूनच वापरतोय.
त्यावर शाईचे डबे.

खानापूर, स्टेशन रोड, रवळनाथ प्रिंटर्स.
सकाळी नऊला नंदगडहून माणूस येणार
साडेतीनशे पत्रिका न्यायला.
एका अंगाला मराठी, एका अंगाला कन्नड.
मुलगी इदलहोंडची, मुलगा कित्तूरचा,
मुहूर्त दोन्हीकडं एकच, बारा सदतीस.

लाईट आली. मशीन उठलं.
मराठी जशीच्या तशी.
कन्नड बाजूला नुसते चौकोन:
वरमाईच्या नावाच्या जागी नऊ,
गावाच्या जागी आठ,
भट्टीपुढं ओल्या विटा मांडून ठेवल्यागत.

म्हटलं, फाँट परत बसव.
उत्तर आलं, कुलूप आहे.
प्रोसेस नंबर बावीसशे चौदा किल्ली घेऊन बसलीय.
मला एक उपाय ठाऊक होता:
कुलपाची फाईलच उडवायची. एक ओळ. झालं.
बोट एंटरवर ठेवून
दुसऱ्या हातानं महांतेशला फोन लावला, बैलहोंगलला.

झोपेतनंच म्हणाला, "तडी, तडी.
ओळग यार अदार?"
थांब. आत कोण आहे?
"कुलूप मोडायला काय, दोन सेकंद.
आत माणूस असला तर गा?"

बघितलं. होतं खरंच कुणीतरी.
लाईट आल्याबरोबर आपणहून उठून
कुठवर आलो होतो ते चाचपत होतं.
मोडलं असतं तर वहीच फाटली असती,
काय बसलंय, काय नाही,
याची एकुलती एक वही.

मग थांबलो. दोघंही, फोन कानाला, न बोलता.
त्याच्याकडं कुत्रं भुंकत होतं,
माझ्याकडं लोंढ्याची मालगाडी संपता संपेना.
चौदा मिनिटं.

कुलूप सुटलं.
अर्धं राहिलेलं पुरं कर म्हटलं,
चाळीसेक नावं सरसर गेली
आणि एक अडलं.
फाँट म्हणे, अक्षरं जोडणारी लायब्ररी मला नवी पाहिजे.
लायब्ररी म्हणे, मी तयार आहे, येऊ कुणी देत नाही.
कोण येऊ देत नाही?
पत्रिका मांडायचा प्रोग्राम. त्याला जुनीच हवी.
आणि त्याच्यावर शेरा: अडवून ठेवलेला.

"कुणी अडवला?"
जुन्या नोंदी उघडल्या.
तीन वर्षांपूर्वीचा मंगळवार, दुपारी सव्वाचार.
युजर, भरमा.
भरमा म्हणजे मीच.

त्या दिवशी काय झालं होतं, आठवेना.
एखादं जोडाक्षर फुटलं असेल,
गिऱ्हाईक दारात चप्पल न काढता उभं असेल,
मी म्हटलं असेल, आत्तापुरतं.
आणि तीन वर्षं शिव्या घालतोय
की या मशीनवर नवं काही टिकत नाही.

महांतेश हसला नाही.
"काढ की," एवढंच.

आधी पत्रिका पेनड्राईव्हवर घेतली. मग काढलं.
नवी लायब्ररी आली, प्रोग्राम कुरकुरला,
समास दोन मिलिमीटर सरकला,
तो हातानं सारखा केला.
चौकोन गेले.
कन्नड मला वाचता येतं, लिहिताना अजून अडखळतो,
तरी खात्रीसाठी मोठ्यानं वाचलं:
नीलांबिका.
"बरोबर," पलीकडनं आवाज.
फोन चालूच होता.

शेवटी मशीननं विचारलं,
ही अकरा पॅकेजं आता कुणालाच लागत नाहीत. काढू?
यादी वरखाली केली.
सातवं नाव ओळखीचं वाटलं, कुठलं ते कळेना.
नको म्हटलं. उद्या बघू.

प्रिंटरनं पहिला कागद ओढला,
वाकडा.