हाताचा वास

उजव्या अंगठ्यावर, नखाच्या बुडाशी,
दोन दातांची एकच फट.
रक्त लगेच आलं नाही. आधी आतलं पांढरं दिसलं,
मग भळभळलं,
आणि बोंड्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन
तोंड धूत बसला, जेवण झाल्यासारखा.

आचलनं आणला होता त्याला यवतमाळहून,
कॉलेजच्या प्रयोगशाळेतून, ओढणीत गुंडाळून.
अंगठ्याएवढा. डोळे गुंजेचे.
ती नर्सिंगला नागपूरला गेली, हा राहिला,
माझ्या बंडीच्या खिशात राहिला सात महिने,
तुरीचा एकेक दाणा दोन्ही हातांत धरून खाल्ला,
बातम्या लागल्या की माझ्या कानामागे झोपला.

आता केस उभे करून
पिंजलेल्या कापसासारखा दुप्पट होतो,
आडवा आडवा सरकत येतो,
कुशी घासतो तारेला, थेंब थेंब खूण ठेवतो
ताटलीवर, चिंधीवर, माझ्या जुन्या टोपीवर.
फुस्स करतो.
एवढ्याशा छातीत असा आवाज होता,
मला सात महिन्यांत कळलं नाही.

पहिल्या दिवशी मी पिंजऱ्यावर चप्पल हाणली.
हे कोणाला सांगितलं नाही.
दोन दिवस तो मडक्याच्या खापरीआडून निघाला नाही.

पंचफुला म्हणाली, "द्या सोडून नाल्यावर."
पांढरा उंदीर, नाला, चांदणी रात्र:
घुबडाच्या घरी पत्रिका धाडल्यासारखंच.

गुरांना लस टोचायला डॉक्टर उईके आले होते.
खाली बसून पाहिलं. हसले नाहीत.
"वयात आला. गोऱ्हा माततो तसा मातला हा.
खच्ची केला तर निवेल.
पण मी गोऱ्हे करतो, बोकड करतो,
याच्यापुरती बारीक अवजारं माह्याजवळ नाहीत. नागपूरले न्या.
तोवर मारू नका, आत हात घालू नका,
उचलाचं असंन त टॉवेलात उचला.
अन् हात धुऊन जात जा,
दुसऱ्या नराचा वास आला का..."
तेवढ्यात कोणाची तरी गाय सुटली, ते धावले.

दुसऱ्या नराचा वास.

दालमिलमध्ये दिवाळीपर्यंत मी काट्यावर होतो.
दिवाळीनंतर सापळ्यांवर.
सकाळी पिंजरे उपसायचे,
चिकट पुठ्ठ्यावरचे सोडवायचे (काही जिवंत असतात),
पोत्यात भरायचे, वहीत आकडा लिहायचा.
मंगळवारी एकोणीस.
मग डबा खायचा, घरी यायचं,
आणि बोंड्याला म्हणायचं, ये राजा.

तो काय ये म्हणून येईल?
एकोणीस जण माझ्या बोटांवर बसलेले.

राखेनं घासले हात. लिंबानं. रॉकेलनंही.
रॉकेलला तो शिंकला आणि पुन्हा फुगला.
डॉक्टर म्हणतात वय. असेलही.
गोऱ्ह्याला कोण कारण विचारतो?
पण मी मुनीमजींना म्हटलं, मले काट्यावर घ्या.
ते म्हणाले, "काट्यावर आता कम्प्युटर आहे, शेषराव."

रात्री आचलचा फोन.
"बाबा, अंगठ्याला काय झालं? आई म्हणत होती."
पोतं शिवताना दाभण लागलं, म्हटलं.
"बोंड्या कसा आहे?"
मोठा झाला.
"लाड करता ना?"
नागपूरची गाडी किती वाजता असते गं, मी विचारलं,
ती म्हणाली, काहून? मी म्हटलं, असंच.

तिच्या पेटीतून ती ओढणी काढली,
न धुतलेली, हिरवी, एका टोकाला शाई.
काठीनं ढकलली पिंजऱ्यात.
त्यानं हुंगली. पुन्हा हुंगली.
पाठीवरचे केस बसले, मग मानेवरचे,
सगळे नाही.

मी उंबऱ्यात उभा,
दोन्ही हात पाठीमागे.
अंगठा ठणकतोय.
उद्या बुधवार, सहाला गोदाम उघडायचं आहे.