छातीचा फोटो

बोरीची फांदी निवडली. काटे
वरच्या बाजूचे तेवढे छाटले.
भंगारातून आणलेल्या सलाईनच्या स्टँडला
सुतळीनं बांधली, जमिनीपासून साडेचार फूट.
मागे तारकुंड्यांची हिरवी भिंत,
बारा पावलं दूर; म्हणजे चित्रात ती
भिंत राहत नाही, नुसता रंग होते.

मी बसतो कूलरमध्ये.
मोटार जळालेला, कधीकाळी हॉलसाठी घेतलेला ढाचा;
पंखा निघाला तिथं गोल भोक आहे,
त्यातून लेन्स.
बाजूंना मागल्या साली भरलेला वाळा तसाच,
पाणी न मारताही सकाळी थोडा वास देतो.
"लोकं कूलरसमोर बसतात," घरची म्हणते,
"तुम्ही आतच जाऊन बसून राहिले."

मानेवाड्याचं लेआउट, मे महिना.
पावणेसहा ते सव्वासात, एवढाच उजेड कामाचा.
मग ऊन पांढरं पडतं
आणि कुणालाच चेहरा उरत नाही.

बुलबुल येतो तो भाडं वसूल करायला आल्यासारखा.
मुनिया एकदम चार, फांदी वाकते,
कुणावर नजर धरावी हे ठरेस्तोवर
उरलेली असते एक, तीही पाठमोरी.
शिंजिराला माझी फांदी पसंत नाही.
तो कपड्यांच्या तारेवर बसतो,
लाल चिमट्याच्या बाजूला,
आणि तिथून मला गातो.

एकतीस वर्षं मेयोत, एक्सरेच्या खोलीत,
मी तीन शब्दांवर पगार घेतला:
घ्या. रोखा. सोडा.
दिवसाला साठ-सत्तर छात्या.
हललं की रद्द. पुन्हा उभे राहा.

एकदा कुहीकडची एक बाई आली.
तिला सांगितलं होतं, पोराचा फोटो काढून आणा.
तिनं आणलं होतं पोरगं फोटोला आणावं तसं:
तेल, भांग, पावडर, काजळ,
नवा सदरा गळ्यापर्यंत बंद.
मी म्हणालो, सदरा काढा.
तिनं सदऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि एकेक बटण
फार हळू सोडवलं.
गोवर्धन नाव होतं. कागदावर होतं म्हणून आठवतं.
प्लेटीला हनुवटी टेकवून, भिंतीकडे तोंड करून,
तो हसला.
मी बाजूनं पाहिलं.
घ्या, रोखा, सोडा.

फिल्मवर बरगड्या आल्या, उजवीकडे खाली
एक ढगासारखं काही आलं.
बाईनं खिडकीच्या उजेडात ती उलटी धरली.
"याच्यात तोंड कुठी हाय जी?"
मी पुढचा नंबर पुकारला.

शिंपी आज उशिरा आला.
काड्यापेटीत झोपेल एवढा जीव,
आवाज मात्र लग्नाच्या मांडवातला.
फांदीवर उतरला, शेपूट उभी केली,
पिसं फुगवली, बसवली, पुन्हा फुगवली,
पायानं डोकं खाजवलं, चोच पुसली,
आणि तयार झाल्यासारखा
सरळ गोल भोकात बघू लागला.
त्याची छाती इतकी भराभर हलत होती
की तिथं रोखण्यासारखं काही नव्हतं.
श्वास मीच रोखला.
वाळ्याचा कण नाकात गेला, खोकला आला,
त्याच घाईत बोट पडलं.

घरात येऊन दाखवलं.
म्हटलं, हललो मी.
शेपूट कापली गेली, पाय फांदीत गेले,
खालचं सगळं फिसकटलं.
तिनं चष्मा कपाळावरून खाली घेतला,
हातातली भेंडी तशीच धरून पाहिलं.
"तोंड तर आलं ना," म्हणाली,
आणि पुन्हा भेंडी चिरायला बसली.